फुगणारा रंग

आदिलाबाद
३ मार्च २०२५

सुधाकर,

तुझ्या हॉलच्या खांबाचा रंग मी काल गॅसवर धरला. तो फुगला नाही.

'प्रिय' लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पत्राचा मायना शिकवायच्या तेव्हा बजावायच्या, मायन्यात जे लिहाल ते पत्रभर निभवावं लागतं. आठ वर्षं ज्या भावानं बहिणीचा फोन उचलला नाही, त्याच्या बाबतीत मला ते निभवता येणार नाही. म्हणून नुसतं सुधाकर.

नेहाच्या लग्नाची पत्रिका वच्छलानं आणून दिली. तू पाठवलेली नाही, हे तिनं सांगितलं नाही, तिच्या तोंडावरून कळलं. तुझी बायको गुडघ्याच्या व्यायामाला दर आठवड्याला आदिलाबादला येते आणि माझ्याकडे चहा घेऊन जाते. तुला ते ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्यासारखं तू वागतोस. चालू दे तसंच. हे पत्रही तीच आणेल.

पत्रिकेत आत्याचं नाव नाही. बारशाला त्या मुलीच्या कानात तिचं नाव मी सांगितलं होतं, असो. ते मी गिळलं. पण खाली जे छापलं आहेस ते गिळता आलं नाही. 'विवाहस्थळ : मातोश्री फंक्शन हॉल, इचोडा. अग्निरोधक रंगाने सुरक्षित.' आजवर पत्रिकांवर मी देवांची नावं वाचली, लहान मुलांच्या 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'सारख्या लाडीक ओळी वाचल्या. रंगाची जाहिरात पहिल्यांदाच पाहिली.

म्हणून आले बघायला. तू पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायला बासरला गेला होतास तो दिवस मुद्दाम निवडला. हॉल मोठा बांधलास, नाकारत नाही. वर बायकांसाठी गॅलरी, खाली भटारखाना, आणि गॅलरीचा सगळा भार लोखंडी खांबांवर. ते खांब सोनेरी, असे गुळगुळीत की समोर उभं राहून कुंकू लावावं. त्यांच्यावर ओरखडा दिसला असता, म्हणून दारातल्या पांढऱ्या खांबाचा रंग मी कुंडीमागून सुरीनं थोडा खरवडला आणि रुमालात बांधून आणला.

लोकांना वाटतं, असा रंग म्हणजे न जळणारा रंग. तसं नसतं. दिवाळीतली नागगोळी आठव. एवढीशी गोळी पेटवली की तिच्यातून काळा साप फुगत फुगत वर येतो. हा रंग तसा असतो. आच लागली की भाकरीसारखा टम्म फुगतो, त्याचा जाड काळा फेस होतो, आणि तो फेस लोखंडाला गोधडीसारखा गुंडाळून बसतो. आग आत जायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडतात. बस, एवढंच त्याचं काम. पण तेच काम आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कुणी केलं नव्हतं.

तू तेव्हाही म्हणायचास, लोखंड जळत नाही. नाही जळत. मऊ होतं. कापसाला आग लागली आणि छपराच्या लोखंडी कैच्या ओल्या धोतरासारख्या लोंबल्या, हे तू आणि मी दोघांनी पाहिलं. त्यांच्याखाली आपला कामगार पंढरी होता, तो गेला. विम्याच्या माणसानं मला विचारलं तेव्हा मी जे पाहिलं होतं ते सांगितलं, की आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादल्यांमध्ये सरकी भरून ठेवली होती. विमा बुडाला, आणि त्या दिवसापासून मी तुझी बहीण नाही.

नसेन. पण तुझ्या खांबाचा रंग उलथन्यावर ठेवून मी आचेवर धरला तर तो नुसता करपला आणि घाण वास आला. खांब रंगवणाऱ्या नागपूरच्या त्या पंकजनं तुला फसवलं आहे. अक्षय तृतीयेला नेहा त्या गॅलरीखालून बोहल्यावर जाणार आहे. त्याआधी खांबांना खरा रंग लागला पाहिजे.

मथुरा


आदिलाबाद
२४ मार्च २०२५

सुधाकर,

तू मला उत्तर दिलं नाहीस, पण पंकजला फोनवर शिव्या दिल्यास. म्हणजे पत्र वाचलंस. मला तेवढं पुरे.

तो काल माझ्या दारात उभा होता. नागपूरहून मोटारसायकलवर आलेला, डोक्यावर रुमाल, आणि रागानं लालबुंद. "तुमीच का त्या मथुरा मॅडम? माझा रंग नकली म्हणता? कोणत्या खांबाचा काढला?"

"दारातला," मी म्हटलं. "पांढरा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, आणि ते हसणं मला रागापेक्षा जास्त झोंबलं. "मॅडम, ते खांब विटांचे आहेत. शो साठी. त्यायले कोनीतरी साधा चुना-डिस्टेंपर मारला असन. विटांना मी काऊन रंग मारीन?"

चौतीस वर्षं मी मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगाआधी नमुना कशाचा आहे ते पाहा, हे पहिल्या तासाला सांगायची. सुधाकर, मी तुझ्या हॉलमध्ये वीट आणि लोखंड यातला फरक पाहिला नाही, कारण मला तुझी चूक सापडायची घाई होती. पंकजची मी माफी मागितली. उभं राहून मागितली. तुझी मागत नाही, कारण तू मला अजून काही विचारलेलंच नाही.

मग त्यानं पिशवीतून पत्र्याचे तुकडे काढले. काही कोरे, काही त्याच्या रंगाचे. आम्ही दोघं माझ्या ओट्यापाशी उभे राहिलो. मी कोऱ्या तुकड्याच्या पाठीवर तुपाचा कण ठेवला, सांडशीत धरला आणि खालून आच दिली. तूप लगेच तडतडलं. मग रंगाचा तुकडा धरला. आधी काहीच नाही. मग रंगाला घाम फुटल्यासारखं झालं, आणि तो उठायला लागला. काळा, जाड, जाळीदार, पावासारखा. पाठीवर तूप तसंच्या तसं, पांढरं. किती तरी वेळानं ते कडेनं वितळायला लागलं. या वयात मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पंकज खूश झाला. चहा घेतला, चिवडा खाल्ला. मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "काम मात्र सुबक केलंत. ते सोनेरी खांब किती गुळगुळीत आहेत."

त्यानं कप खाली ठेवला.

"सोनेरी? मी त सोनेरी काहीच मारलं नाही."

"मधले खांब. आरशासारखे."

"मॅडम, माझा रंग गुळगुळीत नसतेच. संत्र्याच्या सालीसारखा असते. हात फिरवला की खरखरीत लागते. गुळगुळीत असन त..." 

सुधाकर, आता मी तुला विचारते आणि मला उत्तर पाहिजे. त्या खांबांवर त्यानं लावलेला रंग कुठे गेला?

मथुरा


आदिलाबाद
७ एप्रिल २०२५

सुधाकर,

तू वच्छलाकडून निरोप पाठवलास, "तिले सांग, आपलं डोस्कं तपासून घे." तपासून घेतलं. ठीक आहे. आता तुझे खांब तपासू.

रामनवमीला मी इचोड्याला आले होते. तुझ्याकडे नाही, पंढरीच्या बायकोकडे, बयनाबाईकडे. पंढरीच्या मागं तिनं कुठे जावं, म्हणून तू तिला हॉल झाडायला ठेवलंस. हे तुझं एक चांगलं काम मी मानते, आणि ते तू मनातल्या बोचणीपायी केलंस हेही मानते. ती तुझ्याविरुद्ध काही बोलली नाही. मी नुसतं विचारलं, बाई, खांब घासायला मशीन कोणी लावलं?

"मालकानं लावाले सांगतलं ना. दोन दिस घर्रघर्र चालू होतं. भुकटी म्याच झाडली, पोतंभर. मालक म्हने, बयना, हा रंग फुगते. पोरीच्या लग्नात फुगला त लोकं हासतीन."

 हसावं की रडावं हे मला खरोखरच कळेना.

मग पंकजला फोन केला. तो नागपूरचा, म्हणून तू त्याच्याशी हिंदीत बोललास. तू मालक, म्हणून तोही हिंदीत बोलला. त्यानं तुला सांगितलं, "सेठ, ये पेंट फूलता है." तू मान हलवलीस. त्याला वाटलं, सेठला समजलं. तुला वाटलं, रंग फुगतो म्हणजे ओल धरतो, पापुद्रे सुटतात, खांबाला गालगुंडं होतात. आपल्याकडे भिंतीचा रंग फुगला की त्याला तोच अर्थ. दोन मराठी माणसं हिंदीत बोलली आणि मराठीत चुकली! अरे, त्यासाठीच तर तो लावला होता. तो फुगावा म्हणून.

आणि तू काय केलंस? विचारलं नाहीस. तू आयुष्यात कधी कुणाला काही विचारलं नाहीस. मशीन आणलंस, ते सगळं घासून काढलंस, वर सोनेरी ऑइलपेंट चढवलास, आणि पत्रिकेवर 'अग्निरोधक' तसंच ठेवलंस. छापून झालं होतं ना!

वच्छलाला हे मी सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तोंडावर पदर घेऊन हसली. म्हणाली, "ताई, ते मले काय म्हनले सांगू? म्हनले, आमच्या घरात फुगाले मथुरी एकटी बस झाली, खांब कायले फुगावं?"

म्हणजे विसरला नाहीस तू. लहानपणी मी रागावले की अंगणभर ओरडत फिरायचास, 'टम्म मथुरी, फुगली पुरी'. कॉन्व्हेंटात सिस्टर मला मार्था म्हणायच्या, घरी आले की तू पुरी म्हणायचास. मला दोन्ही नावांचा राग यायचा.

ऐक आता. पंकज म्हणतो, सोनेरी रंग पूर्ण काढायचा, लोखंड साफ करायचं, प्रायमर, मग त्याचा रंग थरांवर थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा. आज सुरुवात केली तर लग्नाआधी होईल. उद्यावर टाकलं तर होणार नाही. तो यायला तयार आहे. तू फक्त फोन कर. आणि कृपा करून मराठीत कर.

मथुरा


आदिलाबाद
१६ एप्रिल २०२५

सुधाकर,

तू फोन केला नाहीस.

रविवारी तुझ्या हॉलमध्ये साखरपुडा होता. तू म्हणशील, मथुरेला काय करायचं. तिथे काय झालं ते मला बयनाबाईनं सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज आठ वर्षांपूर्वीसारखा झाला होता.

भटारखान्यात गॅसची नळी निसटली. भडका पडद्याला लागला आणि पडदा खांबाशी गुंडाळलेला होता. वर गॅलरीत बायका ओवाळत होत्या. नेहाही तिथेच होती. मैत्रिणीचा साखरपुडा म्हणून गेलेली. आचारी पळाले. बयनाबाईनं ओलं पोतं टाकलं, ढकलत ढकलत सिलिंडर बाहेर काढलं, पडदा ओढून पायाखाली तुडवला. तिची टाच भाजली आहे. तू तिला विचारलंस का? नसेल. तू काय करत होतास तेही तिनं सांगितलं. तू जिन्यात उभं राहून दोन्ही हात हलवत होतास. "काही झालं नाही, काही झालं नाही. पंगत चालू द्या."

तुझं हे 'काही झालं नाही' मला पाठ आहे. जिनिंगच्या फाटकात उभा राहून तू हेच म्हणत होतास, आणि पंढरी आत होता.

त्या खांबाचा सोनेरी रंग म्हणे पापड भाजल्यासारखा उठला आणि गळून पडला. बघितलंस ना? जो फुगू नये म्हणून लावलास तोही फुगला. फक्त त्यानं कुणाला वाचवलं नाही. आत काय दिसलं? कोरं लोखंड. बयनाबाई म्हणते, तू तासाभरात माणूस बोलावून पुन्हा सोनेरी हात फिरवून घेतलास.

हे पोतं जरा उशिरा पडलं असतं तर? मी या प्रश्नाचं उत्तर लिहीत नाही. तुला येतं ते.

मी दरखास्त लिहिली आहे. अग्निशमनच्या कचेरीत जाऊन विचारून आले. तिथला माणूस तरुण आहे, तेलुगूत आदरानं बोलला. म्हणाला, मॅडमगारू, लेखी द्या, आम्ही येऊन पाहू, आणि तुम्ही म्हणता तसं असेल तर हॉल बंद करू. दरखास्त माझ्या पिशवीत आहे. अजून दिलेली नाही. सोमवारी देईन.

यात नेहाच्या लग्नाची तारीख येते, मला कळतं. पण तिच्यानंतरही लग्नं आहेत. आसपासच्या गावांतून, जैनथच्या, बेल्याच्या मुली येतील, त्यांच्या आया गॅलरीत बसतील. त्यांना तुझ्या-माझ्या भांडणाशी काय?

मथुरा


आदिलाबाद
२१ एप्रिल २०२५, सोमवार, सकाळ

सुधाकर,

तुझा निरोप मिळाला. वच्छलाला तो बोलवेना. तिनं तो चहाच्या कपाकडे बघून सांगितला. "ते म्हनले, दरखास्त दिली त माझ्यासाठी ती मेली."

ठीक. मेलेली माणसं पत्र लिहीत नाहीत, तरी एक लिहिते.

काल नेहा आली होती. एकटी, स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. दारातच म्हणाली, "आत्या, तुला माझं लग्न मोडायचं आहे का?"

मी म्हटलं, "आत ये. ऊन आहे."

"आधी सांग."

"लग्न मोडायचं नाही. हॉल मोडू नये एवढंच."

"बाबा म्हणतात, आत्याला त्यांचं काही उभं राहिलेलं बघवत नाही. जिनिंग पण तूच..." आणि ती थांबली. जिनिंग जळली तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिला तू काय सांगितलं असशील ते मला समजलं.

मी तिच्याशी वाद घातला नाही. तुला खोटं वाटेल. मी तिला ओट्यापाशी नेलं, कोरा तुकडा सांडशीत धरला, पाठीवर तूप ठेवलं. तूप तडतडलं. ती एक पाऊल मागे सरली. मग मी पंकजनं दिलेला रंगाचा तुकडा काढला. तो एकच उरला होता. मी गॅस मोठा करणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"हा नको जाळू."

"बघ तरी."

"मला बघायची गरज नाही. गेल्या रविवारी मी वर होते आत्या. खालून धूर येत होता आणि बाबा म्हणत होते काही झालं नाही. मी गाणं म्हणत राहिले. सगळ्या म्हणत राहिलो." तिनं तो तुकडा ओढणीच्या टोकात बांधला. "हा बाबांना देते. त्यांना बघू दे."

"तो बघणार नाही."

"एक दिवस थांब ना."

म्हणून हे पत्र, आणि म्हणून मी इथे खुर्चीत बसले आहे. मांडीवर पिशवी, पिशवीत दरखास्त. कचेरी उघडली असेल. तिचं म्हणणं मी ऐकलं आहे, आणि ऐकल्यापासून मला बरं वाटत नाही. साठ वर्षं मी रागावले की लगेच रागावले, थांबले नाही. विम्याच्या माणसानं विचारलं तेव्हाही थांबले नाही, आणि ते बरोबरच होतं. आज पहिल्यांदा मी फुगायचं थांबले आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते आहे. एक दिवस. या एका दिवसात तुझ्या हॉलमध्ये कुणाचं काय कार्य आहे, ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे.

उद्या सकाळी मी जाईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. वेळ म्हणून लिहिते.

मथुरा


आदिलाबाद
२३ एप्रिल २०२५

प्रिय सुधाकर,

काल सकाळी मी निघाले होते. चप्पल घातली होती, कुलूप हातात होतं. फाटकात रिक्षा थांबली आणि वच्छला उतरली. तिचा आदिलाबादचा वार नव्हता. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, भाकरी पाठवली असेल, बहिणीला गप्प करायला. आपल्याकडे तशी पद्धत आहे.

तिनं डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उघडा."

मी उघडला. आत फडक्यावर पत्र्याचा तुकडा होता, आणि त्याच्यावर काळा फेस. जाड, टम्म, एका बाजूनं जरा चेपलेला, बोटानं दाबून पाहिल्यासारखा. पाठीवर तुपाचा डाग.

"नेहानं त्यायच्या ताटाजवळ ठेवला होता," वच्छला म्हणाली. "ते जेवलेच नाहीत. काल सकाळी उठले, मले म्हनले, सांडशी दे. म्या म्हटलं, मी धरतो, त म्हनले, नाही. सोताच धरला. तूप बी सोताच ठेवलं. फुगाले लागला, टम्म झाला. गॅस बंद केला तरी तसेच उभे. मंग म्हनले, पंढरीच्या डोक्यावरल्या कैच्यायले असा येक हात मारला असता कोनी त..."

ती थांबली. 

"आठ वर्षांत पह्यल्यांदा पंढरीचं नाव काहाडलं त्यायनं, ताई."

मी विचारलं, "मला काही निरोप?"

"आहे ना. म्हनले, मथुरीले सांग, रंग फुगला."

एवढंच. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, सुधाकररावांच्या हॉलचा रंग खराब झाला वाटतं. मी दारात उभी राहून ते दोन शब्द ऐकले आणि हातातलं कुलूप तिथेच पायरीवर ठेवलं.

वच्छलाकडून बाकीचं समजलं. हॉलला कुलूप लावलंस. लग्न जुन्या जिनिंगच्या आवारात, मांडवात, गोरज मुहूर्तावर. वरपक्षाला तूच फोन केलास आणि कारण खरं सांगितलंस. ते रागावले म्हणे. रागावू देत, उन्हाळ्यात इचोड्याला उघड्यावर पंगत म्हणजे माणूस रागावणारच. पुढच्या तारखा घेतलेल्यांना तू एकेकाला बोलावून सांगतो आहेस, हेही कळलं. पंकजला काल दुपारी फोन केलास. त्यानं मला लगेच कळवलं. तू त्याला विचारलंस, "हे फुगणं मंजे नेमकं काय, ते मले मराठीत सांग." त्यानं पुन्हा सगळं सांगितलं आणि तू मध्ये एकदाही बोलला नाहीस. त्याला वाटलं, लाइन कटली.

आता माझं ऐक. खांबांना रंग लागेल तो खरखरीत लागेल. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. त्यावर सोनेरी हात फिरवायचा नाही. फिरवायचाच असेल तर पंकजला विचारून, त्याच्या रंगावर चालेल तोच. भटारखाना गॅलरीखालून बाहेर न्यायचा. वाळूच्या बादल्या टांगायच्या आणि त्यांत वाळू भरायची. काम झालं की मी येऊन प्रत्येक खांबावर हात फिरवीन. लोखंडाच्याच, विटांच्या नाही. तेवढं आता मला कळतं. हाताला संत्र्याची साल लागली की दरखास्त तुझ्यासमोर फाडीन. तोवर ती पिशवीतच आहे.

आणि बयनाबाई. तिची टाच अजून बरी नाही. तिला दवाखान्यात तू स्वतः ने, माणूस पाठवू नकोस. रस्त्यात तिच्याशी पंढरीबद्दल बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तिथे मला मधे घेऊ नकोस.

अक्षय तृतीयेला मी येते. पत्रिकेत नाव नाही म्हणून अडणारी आत्या मी नाही. तू मांडवाच्या दारात उभा असशील, आणि मला पाहून काहीतरी बोलशील, कारण गप्प राहणं तुला जमत नाही. तर तेच बोल जे अंगणात ओरडायचास. सगळ्या वऱ्हाडासमोर बोल. मी नेहमीसारखी टम्म फुगूनच येणार आहे. आच लागली की आपल्या घरात कुणीतरी फुगायला पाहिजे.

तुझी
मथुरी

ता.क. डबा परत पाठवते आहे. तुकडा ठेवून घेतला.